अंधारात ठेवायचे दगड

९ फेब्रुवारी, रविवार

रोजनिशी लिहायची मला सवय नाही. प्रयोगशाळेच्या वहीत वजन आणि तापमान लिहूनच जीव मेटाकुटीला येतो. पण आज जे मनात आलंय ते त्या वहीत लिहिलं, तर सर मला विश्रांतीची गरज आहे म्हणतील.

आमच्या शेजारचा चिमणदादा विहीर खोल करतोय. खाली काळ्या कातळात त्याला एक उभा पट्टा लागला, जेमतेम वीतभर रुंद. मध्ये पांढऱ्या गारगोटीचा चुरा आणि दोन्ही बाजूंचा कातळ घासून गुळगुळीत झालेला. त्याने आईला सांगितलं, आईने मला फोनवर सांगितलं की चिमणच्या विहिरीत कुणी तरी भिंत पॉलिश केली आहे, आणि मी मिळेल त्या गाडीने डहाणू गाठून एसटीने घरी आले. कातळ असा घासला जातो तो जमीन सरकल्यामुळे. भूगर्भवाले लोक अशा पट्ट्यासाठी डोंगर पालथे घालतात आणि मला तो आमच्या कुंपणापलीकडे सापडला.

आई अजून अंगणातच झोपते. २०१८ च्या नोव्हेंबरात आमच्याकडे धक्के सुरू झाले तेव्हा सगळा तलासरी तालुका अंगणात आला होता. ताडपत्र्या, खाटा, शेकोट्या. हळूहळू सगळे घरात परतले, आई परतली नाही. बाबाही शिक्षकच, त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचं हृदयाचं दुखणं होतं, धक्क्यांशी त्याचा काही संबंध नव्हता. आता ती एकटीच ताडपत्रीखाली झोपते, पावसाळ्यात फार तर ओट्यावर सरकते. घराला एक तडा नाही, मी स्वतः माणूस आणून बघून घेतलंय. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेली बाई, पण भीती बसली की बसली. वय बासष्ट, गुडघे दुखतात, थंडी अशी की सकाळी ताडपत्रीवर दव साचलेलं असतं.

म्हणून मी ठरवलंय की तिला एक आकडा द्यायचा. हा पट्टा शेवटचा जोरात कधी सरकला, याचा आकडा. 'आई, पन्नास हजार वर्षांत इथे काही झालेलं नाही, आता आत चल,' असं म्हणायचं. आकड्यापुढे ती कधी वाद घालत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी चिमणदादाने दोराला बांधून मला विहिरीत सोडलं. वरून नवशीवहिनी, म्हणजे त्याची बायको, सारखी सांगत होती की बाईंची एकुलती एक पोर आहे, जपून. मी काळं कापड डोक्यावरून घेऊन आतला चुरा खरवडला आणि काळ्या पिशव्यांत भरला. झऱ्याचं पाणी झिरपत होतं, त्यामुळे माल ओला आहे.

पिशव्या इथेच ठेवून जातेय. विहिरीतल्या दगडात रोजचा किरणोत्सर्ग किती, ते मोजायचं यंत्र घेऊन दोन आठवड्यांनी यायचंच आहे, तेव्हा सगळं एकदम नेईन. बाबांच्या खाटेखाली रांगेने ठेवल्या. आईला म्हटलं, या जिवापाड जप. ती म्हणाली, तुला जपलं तशा जपीन.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आईचा फोन. तिला माझं काम समजून घ्यायचं होतं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी आनंदाने सांगत सुटले. म्हटलं, पदार्थातले इलेक्ट्रॉन बहुतेक जोडीने राहतात आणि जोडीतले दोघे एकमेकांचं चुंबकत्व मिटवून टाकतात, म्हणून आमच्या यंत्राला ते दिसतच नाहीत. पण गारगोटीत किरणोत्सर्गामुळे काही इलेक्ट्रॉन जागेवरून उडतात आणि कुठल्या तरी खाचेत एकटे अडकून बसतात. तो दगड मोठ्या चुंबकात ठेवून त्यावर मायक्रोवेव्ह सोडल्या की हे एकटे तेवढे ओ देतात. जितका काळ जास्त, तितके अडकलेले जास्त. आणि जमीन मोठ्याने सरकली की घर्षणाच्या उष्णतेने सगळे सुटतात, खाचा रिकाम्या, मोजणी पुन्हा शून्यापासून.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे जोडीदार गेला की मगच तुमच्या मशीनला माणूस दिसतो."

मी म्हटलं हो, साधारण तसंच. उदाहरण तिला पटकन कळलं याचा मला फार आनंद झाला. शिक्षिकाच ती.

मग ती म्हणाली की तुझ्या पिशव्यांना आतून घाम आला होता, वास येत होता, पण काळजी करू नको, मी बघितलंय. पुढे यंदा नरपडच्या मामाकडून चिकू किती आले आणि ऊन कसं कडक पडलंय, हे सुरू झालं. रेंज गेली.

२३ फेब्रुवारी, रविवार

घरी येऊन विहिरीत यंत्र लावलं, मोजणी नीट झाली. पिशव्या घेतल्या. मी घाईत बांधल्या होत्या, आईने त्या सुतळीने पुन्हा बांधल्यात, तिच्या त्या शाळेच्या गठ्ठ्यांच्या गाठीने. उचलायलाही हलक्या वाटल्या. पाणी तळाशी झिरपून गेलं असणार. चला, वजन कमी झालं.

सोबत वाळवलेल्या चिकूच्या कापांचा डबा दिलाय. आईचं माहेर नरपडचं, चिकूच्या वाडीवालं. ओलं काही दिसलं की त्या घरच्या माणसांचा हात आपोआप उन्हाकडे जातो. चिकू, मिरच्या, बोंबील, पाहुण्यांची छत्रीसुद्धा.

संध्याकाळी पुन्हा विषय काढला की आत झोप. ती हसली आणि बाबांचं काळं घोंगडं झटकायला लागली. त्या घोंगड्याला ती कुणाला हात लावू देत नाही, धूतही नाही. थंडीत तेच पांघरते. मी नवीन रजई आणलीय, ती कपाटात घडी घालून आहे.

४ मार्च, मंगळवार

चुरा कुटला, चाळला, आम्लात धुतला, चुंबकाने लोखंडी कण काढले. सगळं मंद लाल उजेडात, कारण उन्हाने यातले काही इलेक्ट्रॉन सुटून जातात. आज चुऱ्याने भरलेली नळी द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून यंत्रात बसवली. सर म्हणाले, टायटॅनियमच्या खाचेत अडकलेल्यांची खूण आधी बघ, ती नाजूक असते पण स्पष्ट बोलते.

यंत्रावर दक्षा होती. ती गुजरातेतल्या उंबरगावची, सीमेवरच्या झाईच्या पलीकडची, म्हणजे जवळजवळ शेजारीण. दोघींनी पडद्याकडे डोळे लावले. रेघ वर गेली, खाली आली, आणि खूण इतकी बारीक की दक्षाने नळी नीट बसली का म्हणून पुन्हा काढून बघितली. नीट बसली होती.

७ मार्च, शुक्रवार

हिशेब केला. दोनदा केला. शे-दीडशे वर्षं.

म्हणजे माझ्या पणज्याच्या काळात आमच्या कुंपणाजवळची जमीन कातळ तापण्याइतक्या जोरात सरकली होती. ज्याला मी मेलेला पट्टा समजत होते तो जिवंत आहे, आणि त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर माझी आई खाट टाकून झोपते. मी तिला आत आणायला निघाले होते. आता वाटतं, ती अंगणात झोपते तेच बरं आहे. पण अंगणसुद्धा कशाला, तिथे राहूच नये.

सरांना दाखवलं. ते म्हणाले, इतक्यात कुणाला बोलू नकोस, पुन्हा मोज. त्यांचे डोळे चमकत होते, शोधनिबंध दिसत असेल. मला खाट दिसत होती.

९ मार्च, रविवार

आईला फोन केला आणि सरळ सांगितलं की सामान बांध, भाईंदरला माझ्याकडे ये, कायमची. का म्हणून विचारलं तेव्हा आकडा सांगितला. मी तिला दिलासा द्यायला आकडा आणणार होते, आणि भीती घालायला वापरला.

ती घाबरली नाही. विचारलं, "ताळा घेतलास?"

भागाकार आला की गुणाकार करून बघ, बेरीज केली की खालून वर कर. लहानपणी मी या शब्दाने रडलेय. मी चिडून म्हटलं, आई, हे चौथीचं गणित नाही. ती शांतपणे म्हणाली की चौथीतल्या पोरांनाही उत्तर जितकं भीतीदायक, तितका ताळा आधी घ्यायला सांगतात. आणि अंगण सोडून ती कुठेही येणार नाही.

मी फोन ठेवून दिला. नंतर खूप वेळ वाईट वाटत राहिलं. हट्टी आहे. मरेल पण ऐकणार नाही, असं मनात आलं आणि मग त्या वाक्याचीच भीती वाटली.

१२ मार्च, बुधवार

ताळा घेतला. तिला दाखवायलाच घेतला, म्हणजे तोंड बंद होईल.

गारगोटीत एकाच प्रकारच्या खाचा नसतात. काही उन्हाला लगेच दाद देतात, काही अजिबात देत नाहीत. पण घर्षणाच्या उष्णतेने दोन्ही रिकाम्या व्हायला हव्यात. मी आजवर फक्त नाजूक खूण मोजली होती. आज दुसरी, निबर खूण मोजली. ती भरगच्च निघाली.

एकच दगड, एक खूण म्हणते कालपरवा सुटले, दुसरी म्हणते युगं झाली बसलोय. मी डोकं धरून बसले. दक्षाने दोन्ही आलेख शेजारी ठेवले, माझ्याच डब्यातला चिकूचा काप तोंडात टाकला आणि गुजरातीत म्हणाली, "आ तो तडको खाधेलो माल छे." ऊन खाल्लेला माल आहे हा.

मी म्हटलं, शक्यच नाही. विहिरीत काळं कापड, मग काळी पिशवी, मग खाटेखालचा अंधार, मग इथला लाल दिवा. ऊन येईल कुठून?

तिने डबा माझ्यापुढे सरकवला. मी त्या कापांकडे बघत बसले. मग मला सुतळीची गाठ आठवली.

१५ मार्च, शनिवार

अंगणात शिरले तर आई घरात नव्हती, नवशीवहिनी कुंपणाशी उभी होती. मी काही विचारायच्या आत तीच कौतुकाने सांगायला लागली. "तुझ्या आयशीनं त्या दगडांचं काय केलं, बघायला पायजे होतंस. चिकूच्या जाळीवर पसरायची रोज सकाळी. दुपारी परतायची. कोंबड्या येतील म्हणून काठी घेऊन बसायची. मी म्हटलं बाई, दगड कोंबड्या खातात काय? तर म्हणे, पोरीचं काम हाय, सांडायला नको."

आठवडाभर, फेब्रुवारीच्या कडक उन्हात. संध्याकाळी प्रत्येक पिशवीत तिचा तिचा चुरा, इकडचा तिकडे न करता, भरून पुन्हा बांधून खाटेखाली.

सांगू का, मला पहिल्यांदा खूप राग आला. माझा महिना, यंत्रासाठी केलेल्या मिनतवाऱ्या, चार-पाच रात्रींची उडालेली झोप. आई बाजारातून आली तेव्हा मी ओट्यावर तयारच बसले होते. पण तिच्या पिशवीत माझ्यासाठी ताडगोळे होते, आणि माझं तोंड बघून ती ते हातात धरूनच उभी राहिली. मी सांगितलं. उन्हाने काय होतं ते सगळं सांगितलं. ती खाली बसली.

"बुरशी धरली असती गं," एवढंच म्हणाली. थोड्या वेळाने विचारलं, "तुझं वर्ष गेलं का?"

राग कुठे गेला ते कळलंच नाही. मी चिमणदादाला सांगितलं होतं, पिशवीला उजेड लागू द्यायचा नाही म्हणून. आईला फक्त जप म्हणाले. हे प्रयोगशाळेतलं, तिला काय करायचंय, असं वाटलं होतं. तिने तिला येत होतं तसं जपलं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि म्हटलं, वर्ष नाही गेलं, एक महिना गेला, आणि तो दीडशे वर्षांचा भूकंपही गेला. तो कधी झालाच नव्हता. ती आधी हसली, मग डोळे पुसले, मग विचारलं, म्हणजे ताळ्याने पकडलं ना?

पण एक अडचण आहे. सोमवारी चिमणदादाच्या विहिरीत सिमेंटच्या रिंगा बसणार. त्यानंतर तो पट्टा कुणालाच दिसणार नाही. उद्याचा एकच दिवस आहे आणि काळं कापड मी भाईंदरला विसरून आलेय.

१६ मार्च, रविवार

कापडाचं सकाळी आईला सांगितलं. नवशीवहिनीने तिचं लुगडं दिलं, त्यातून ऊन आरपार. ताडपत्री निळी. आई आत गेली आणि बाबांचं काळं घोंगडं घेऊन आली.

मी नको म्हटलं. खाली चिखल आहे, गारगोटीच्या धारदार कडा आहेत, फाटेल. ती म्हणाली, "घे. उजेड येत नाही त्यातून, मला माहीत आहे. तीन हिवाळे डोक्यावरून घेतलंय."

दोन तास मी घोंगडं पांघरून कातळाला चिकटून खरवडत होते. आतमध्ये अजून थोडा बाबांचा वास आहे, तंबाखूचा आणि खडूचा. आई विहिरीच्या काठावर बसून होती आणि प्रत्येक पिशवी वर जाताना विचारत होती, अंधार आहे ना? अंधार आहे ना? चिमणदादा म्हणाला, बाई, आता रातच व्हायची बाकी ठेवलीत. पिशव्या तिने स्वतः पदराखालून नेल्या, बाळंतिणीच्या खोलीत बाळ न्यावं तशा.

वर आले तेव्हा घोंगड्याचा लगदा झाला होता. मला रडू आलं. आईने ते घेतलं, पिळलं, आणि वळचणीच्या सावलीत टाकलं. उन्हात नाही टाकलं. मी बघतच राहिले.

चहा पिताना मी म्हटलं, आई, आता तरी सांगते, घर मजबूत आहे, इतकी भीती बरी नाही. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं वर्गातल्या हुशार पोराने भलतंच उत्तर दिल्यावर बघायची.

"भीती कुणाला आहे?" ती म्हणाली. "तुझे बाबा घरात असायचे तेव्हा जेवायचे, वह्या तपासायचे, झोपायचे. पस्तीस वर्षं. धक्के सुरू झाले आणि आम्ही अंगणात आलो. तिथे ना वही ना दिवा. मग बोलायला लागले. त्यांच्या आईचं, त्यांच्या पहिल्या शाळेचं, मला बघायला आले तेव्हा काय वाटलं त्याचं. पस्तीस वर्षांत बोलले नाहीत तेवढं त्या थंडीत बोलले. धक्का बसला की शेजारच्या खाटेवरून हात धरायचे. मग सोडायला विसरायचे."

कपातला चहा तिने संपवला. "आत फक्त भिंती आहेत गं," म्हणाली आणि भांडी घासायला उठली.

सहा वर्षं मी तिला घर किती मजबूत आहे ते पटवत होते.

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढी उभारली. मग आईने खुर्ची ओढली आणि म्हणाली, सांग निकाल.

दोन्ही खुणा जुळल्या. ताळा बरोबर. पण दोन्ही काठोकाठ भरलेल्या आहेत. माठ भरून वाहायला लागला की त्यात किती दिवसांचं पाणी आहे ते सांगता येत नाही, तसं झालंय. एवढंच म्हणता येतं की या विहिरीतला हा पट्टा लाखो वर्षांत तसा मोठा सरकलेला नाही. कमीत कमी इतकी, त्यापुढे किती ते माहीत नाही. आणि हे एका वीतभर पट्ट्याचं उत्तर आहे. बाकी जमिनीखाली काय आहे, बारीक धक्के कधी थांबतील, मोठा येईल का, यातलं काही माझ्या नळीत नाही. मी तिला दिलासा द्यायला आकडा आणणार होते, तोही पुरा आला नाही.

आई म्हणाली, "पेक्षा जास्त असं चिन्ह असतं ना? ते लिही आणि पुढचं गणित घे."

सरांनाही मी तसंच लिहून पाठवलंय. त्यांची थोडी निराशा झाली. माझी नाही झाली.

दुपारी बाबांची खाट आतून ओढून काढली. आई विचारत होती, काय करतेस, कुठे नेतेस. मी ती ताडपत्रीखाली तिच्या खाटेशेजारी लावली. घोंगडं वाळलंय, मधोमध ठिगळ लावलंय, पण पांघरायला होतं. म्हटलं, महिन्यातून दोन शनिवार-रविवार मी इथे झोपणार, चालेल का? तिने नवी रजई कपाटातून काढून स्वतः घेतली आणि घोंगडं माझ्या खाटेवर टाकलं.

३१ मार्च, सोमवार

पहाटे, उजाडता उजाडता, एक बारीक धक्का बसला. खाटेचे पाय खडखडले, नवशीवहिनीच्या कोंबड्या ओरडल्या, आणि झालं. आमच्याकडे आता अशा धक्क्याला कुणी उठूनही बसत नाही.

मी जागी होते. आई झोपेतच होती, नक्की झोपेत होती, कारण डोळे मिटलेले होते आणि श्वास संथ. तिचा हात रजईतून बाहेर आला आणि दोन खाटांमधल्या जागेत चाचपडायला लागला. कुणाचा हात शोधत होती ते मला माहीत आहे.

मी माझा दिला. तिने घट्ट धरला. हात लहान आहे, बोटं वेगळी आहेत, हे तिला कळलं असेल. तिचे डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, पुन्हा मिटले.

साडेसातची एसटी होती. ती गेली. आई सोडायला विसरली होती.